कोपीवरच्या मुलीला घरी ठेवून घेऊ का?

(पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

पत्रलेखिका पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका बागायती गावात राहतात. वय सत्तेचाळीस. घरचा सहा एकर ऊस, दोन म्हशी. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलीचं लग्न झालेलं. दर वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या बांधालगतच्या पडीक तुकड्यावर ऊसतोडणीची टोळी उतरते. यंदाची टोळी बीड जिल्ह्यातली, चौदा कोयत्यांची, म्हणजे चौदा जोडप्यांएवढी. त्यातल्या एका जोडप्याला अकरा वर्षांची मुलगी आणि दहा महिन्यांचा मुलगा. आईबाप पहाटे चारला फडात जातात आणि मुलगी दिवसभर भावाला कडेवर घेऊन कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, असते. "पोर हुशार आहे, पाणी न्यायला आली की माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी राहते," असं त्या लिहितात. त्यांच्या मनात आलं, की हंगामभर तिला आपल्या घरी ठेवावं, खाऊपिऊ घालावं, गावातल्या शाळेत पाठवावं; "घरातलं थोडं हाताखाली करेल, तिलाही वळण लागेल". यजमान म्हणतात, नसती आफत ओढवून घेऊ नकोस, टोळी आणणारा मुकादम बिथरला तर आपला ऊस फडात वाळेल. बचत गटातल्या बायका म्हणतात, हे लोक बाहेरचे, चार महिन्यांचे पाहुणे, यांना शिक्षणाची किंमत नाही. गेल्या वर्षी पत्रलेखिकेने टोळीतल्या बायकांना सहा चांगल्या साड्या दिल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोन कोपीच्या तोंडाला बांधलेल्या दिसल्या. तेही त्यांच्या मनाला लागलंय. "माझं चुकतंय का? आणि चुकत नसेल तर सुरुवात कुठून करू?"

ताई,

आधी त्या साड्यांचं बोलू. कोपीला दार नसतं. बांबूच्या चटया, ताडपत्री आणि पाचट यांचा तो आडोसा, पुढचं तोंड उघडं. आत नवरा-बायको, पोरं, ज्वारीचं पोतं, पत्र्याची पेटी. अंधारात आंघोळ उरकायची, लुगडं बदलायचं, बाळाला अंगावर पाजायचं, ते सगळं त्या उघड्या तोंडाशी. तुमच्याकडे डिसेंबरात धुकं उतरतं तेव्हा गारठा सरळ आत शिरतो. मग कुणी दोन धडधाकट साड्या दिल्या, तर बाई आधी त्याचं दार करणार. तुम्ही नेसायला दिल्यात, तिला दार हवं होतं. साड्या वाया गेल्या नाहीत. फक्त काय हवंय ते विचारायचं राहून गेलं.

आणखी एक सांगते, रागावू नका. तुमच्या दोन पानी पत्रात मुलीचं वय आहे, हुशारी आहे, कडेवरचा भाऊ आहे. नाव कुठेच नाही. "थोरली", "ती पोर". मला वाटतं ते अजून विचारलंच नसावं. आज संध्याकाळी विचारा.

"यांना शिक्षणाची किंमत नाही" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय, आणि ज्यांच्याबद्दल ते बोललं जातं त्यांच्याच मुलखातून मी आलेय. माझं माहेर बीडच्या आष्टी तालुक्यातलं. दसरा झाला, की आठवडाभर गावात ट्रक आणि ट्रॅक्टर लागायचे. भांडीकुंडी, सरपण, शेरडं, म्हातारी कोंबडी, सगळं वर चढायचं आणि गाव निम्मं व्हायचं. वर्गही निम्मा व्हायचा. माझ्या बाकावरची मैत्रीण चौथीत अशीच गेली आणि होळीनंतर उगवली, तेव्हा आम्ही अपूर्णांक संपवून पुढे गेलो होतो. ती सहावीपर्यंत रेटत राहिली, मग आलीच नाही. तिच्या आईला शिक्षणाची किंमत नव्हती असं मी कधीच म्हणणार नाही. त्या बाईने जाताना पोरीची पाटी-पुस्तकं गोधडीत गुंडाळून सोबत नेलेली मी पाहिलीत. गावात मागे कोण राहायचं? ज्यांच्या घरी धडधाकट आजी होती, ती मुलं. आजी नसलेली, किंवा आजीच अजून कोयता धरणारी असली, तर मूल टोळीबरोबर. शिकणं-न शिकणं त्या एका म्हातारीच्या गुडघ्यांवर ठरायचं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझा उलट प्रश्न असा: मुलगी तुमच्या घरी आली, तर बाळ कोण सांभाळणार?

तुम्ही ऊसवाल्या, तरी हा हिशेब कदाचित कधी मांडला नसेल, म्हणून मांडते. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर, पन्नास हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत, आणि ती हंगामाआधीच घरदुरुस्ती, लग्न, दवाखाना यांत खर्च झालेली असते. मग सगळा हंगाम ती फेडण्यात जातो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले. डोकी सेंटरला, म्हणजे टोळी मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवते तिथे, टनाला ३६६ रुपयांच्या आसपास झाले. जोडीने दिवसाला दोन टन तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवल्या, तर दोघांचे मिळून सव्वासातशे-साडेसातशे. आणि एक दिवस घरी राहिलं, की खाडा. खाड्याचे पाचशे ते हजार मुकादम उचलीत चढवतो. म्हणजे आई तापाने फणफणली असेल, बाळाला डोस द्यायला न्यायचं असेल, तरी एका दिवसाची किंमत दोघांच्या दिवसभराच्या कमाईएवढी. आता या हिशेबात अकरा वर्षांच्या मुलीची जागा बघा. ती आहे म्हणून आईचा खाडा पडत नाही. तिला उचलून तुम्ही तुमच्या ओसरीवर आणलीत, तर बाळ फडात जाईल, बैलगाडीच्या खाली झोळीत किंवा पाचटाच्या ढिगाच्या सावलीला. तुमच्या भागात तर हे आणखी वाईट. ऊस तुटू लागला की बिबट्याला दडायला जागा उरत नाही आणि तो नेमका फडाच्या कडेने फिरतो, हे मी तुम्हाला काय सांगावं.

आता "हाताखाली थोडं करेल" याबद्दल. तुमचा हेतू मी ओळखते. पण चौदा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवणं हा गुन्हा आहे, मग त्याला वळण म्हणा किंवा माया. पगार देत नाही म्हणून तो सुटत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी बघा: आईबाप शंभर पावलांवर, मुलगी परक्या घरी, आणि ते घर त्याच शेताच्या मालकाचं जिथे आईबाप तोडणीला आलेत. उद्या काही बिनसलं तर आई तुम्हाला "तिला परत द्या" असं मोकळेपणाने म्हणू शकेल? आणि मुलगी "मला इथे नाही राहायचं" म्हणेल? पत्रात दोघींना विचारल्याचं दिसत नाही. हा मार्ग सोडून द्या. मायेने वागायला तो लागत नाही.

मुलीला शाळेत घालणं मात्र तुम्हाला जमण्यासारखं आहे, वाटतं त्याहून सोपं आहे, आणि त्यात उपकाराचा भाग नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या कुठल्याही मुलाला जवळच्या शाळेत, वर्षाच्या मधल्या कुठल्याही दिवशी, वयाच्या वर्गात बसता येतं. जन्माचा दाखला नाही म्हणून, शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून, "आता डिसेंबर झाला" म्हणून नाकारता येत नाही. आपल्या राज्यात स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकही आहे. मूल निघताना गावाकडची शाळा ते भरून देते. मूल कोणत्या इयत्तेत, काय येतं, काय राहिलंय ते त्यात असतं. इथल्या शाळेने ते बघून बसवून घ्यायचं आणि परत जाताना पुढचं भरून द्यायचं. पटावरचं नाव गावाकडेच राहतं. पत्रक बरोबर नसेल (बऱ्याचदा नसतंच, ट्रक रात्री दोनला येतो तेव्हा पत्रक कुणाला आठवतंय) तर इथल्या मुख्याध्यापकांनी तिकडच्या शाळेला एक फोन करायचा असतो. हा फोन होत नाही म्हणून पोरं चार-चार महिने कोपीवर बसून राहतात. शाळेचं नाव मुलीला पाठ असेल, गुरुजींचंही. तिच्याकडूनच घ्या.

मुख्याध्यापक "वरून विचारावं लागेल" म्हणाले तर केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांच्यापर्यंत जाता येतं, आणि शाळाबाह्य मुलांसाठी काम करणारे बालरक्षक शिक्षक बहुतेक तालुक्यांत आहेत. पण पहिल्यांदा भांडायला जाऊ नका. त्या सरांच्या बाजूनेही बघा: चाळीस मुलांच्या वर्गात जानेवारीत नवीन सात मुलं, पुस्तकं नाहीत, मार्चमध्ये ती जाणार. तुम्ही वह्या-पुस्तकांचं बघते म्हणालात, आणि पहिले आठ दिवस मुलांना शाळेच्या फाटकापर्यंत सोडते म्हणालात, तर नाही म्हणायला त्यांना जड जाईल. शाळेत दुपारची खिचडीही मिळते, हे मुलीच्या आईला सांगा. तिच्यासाठी ते लहान कारण नाही.

आता परत बाळाकडे, कारण गाडी तिथेच अडते. अंगणवाडीत घालू म्हणाल, तर पूर्ण उत्तर तिथे नाही. अंगणवाडीत बसायला तीन ते सहा वर्षांची मुलं; तीनच्या आतल्यांना घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसभर सांभाळ नाही. तो आहार सहा महिन्यांपासून मिळतो, तेव्हा या बाळाला आजही मिळायला हवा. सेविका "हे आमच्या यादीत नाहीत" म्हणाल्या तर सांगा, अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये लाभार्थी एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवण्याची सोय आहे. बहुतेक सेविकांना ती माहीत असते. त्यांना फक्त कुणीतरी कोप्यांवर या, चला, एवढं म्हणावं लागतं.

सांभाळ मात्र तुम्हालाच उभा करावा लागेल. तुम्हाला म्हणजे तुमच्या बचत गटाला. चौदा कोयत्यांत कडेवरची आणि रांगती मुलं किती निघतील? पाच, सहा, सात. टोळीत एखादी म्हातारी किंवा दिवस गेलेली बाई असते, जिला मोळी उचलायला लावत नाहीत. तिला आणि गटातल्या एका बाईला मिळून सकाळी सात ते दुपारी तीन एवढा वेळ मुलांपाशी ठेवता आलं, तर सुटतात किती थोरल्या बहिणी? मी हे एका गावात पाहिलंय, समाजमंदिराच्या पडवीत. दोन जुन्या साड्यांच्या झोळ्या, एक मोठं पातेलं, पाण्याचा माठ, पेजेचं पीठ. पहिल्या दिवशी एकही मूल आलं नाही. बायकांना वाटलं, पोरं पळवून नेणारे. आठव्या दिवशी एकीने ठेवलं, कारण तिची सासू तिथेच बसणार होती. पंधराव्या दिवशी सहा. त्या सासूचा दिवसाचा मोबदला ठरला तेव्हाच ते नीट चाललं. फुकटच्या भरवशावर असं काही टिकत नाही, हे गटवाल्यांना मी वेगळं सांगायला नको.

पैसे कुठून, हा पुढचा प्रश्न. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करावे लागतात. तो पैसा कशावर जातो ते ग्रामसभेत विचारा. आणि खरं बोट दाखवायचं ते कारखान्याकडे. टोळी तुमची नाही, मुकादमाचीही नाही. ती कारखान्यासाठी आली आहे. तुमचे यजमान कारखान्याचे सभासद आहेत ना? पत्रात तसं नाही, पण सहा एकर ऊसवाला सहकारी कारखान्याच्या पट्ट्यात सहसा असतोच. मग सप्टेंबरअखेर जी वार्षिक सर्वसाधारण सभा होते, तिथे एफआरपी (उसाचा ठरलेला किमान दर) आणि काट्याच्या वजनावर गदारोळ होतो तेव्हा एक प्रश्न हाही येऊ द्या: टोळ्या उतरतात तिथे पाणी, दिवा, संडास आणि मुलांचा सांभाळ यावर यंदा किती खर्च केला? टोळीच्या मुलांसाठी आमच्याकडे साखरशाळा निघाल्या, गाजल्या, मग नेहमीच्या शाळेतच मुलं जाऊ देत म्हणून मिटल्या. धोरण म्हणून ते बरोबरच होतं. पण नेहमीच्या शाळेत जायला मूल मोकळं कसं होणार, हे त्या हिशेबात कुणी धरलं नाही. कारखाना खाजगी असेल तर सभा नाही, पण शेतकी अधिकारी आहे, गावात फिरणारा कारखान्याचा माणूस, म्हणजे चिटबॉय, आहे. गटवाल्या दहा बायका मिळून गेल्या तर दखल घेतली जाते.

याच हंगामात लगेच करता येईल असं दुसरंही आहे. धान्य. बीडकडच्या बहुतेक घरांचं रेशनकार्ड आहे, आणि आता ते देशात कुठेही चालतं. कार्डाचा नंबर आणि आधारवर अंगठा. तुमच्या गावच्या दुकानातून माणशी पाच किलो, २०२३ पासून फुकट. गावाकडे आजी-आजोबा राहिले असतील तर थोडं तिकडे, थोडं इथे असंही घेता येतं. तरी टोळीवाले हंगामभर किराणा दुकानातून उधारीवर गहू घेताना दिसतील. कारण दुकानदार "हा कोटा आमच्या गावचा" म्हणून परतवतो आणि परतवलेला माणूस दुसऱ्यांदा जात नाही. तुम्ही बरोबर गेलात तर बहुधा असं होणार नाही. झालंच तर १९६७ वर तक्रार करता येते. ई-केवायसी राहिली असेल तर तीही इथेच उरकून घ्या.

आरोग्याचं एकच सूत्र: जे करायचं ते खाडा न पडता. आशाताईंना सकाळी अकराला कोपीवर पाठवून उपयोग नाही, तिथे फक्त मुलं असतात. त्यांना दिवेलागणीनंतर न्या, किंवा ज्या दिवशी गाडी आली नाही म्हणून टोळी बसून आहे त्या दिवशी. तुमच्या बांधावरच तर आहेत, तो दिवस तुम्हालाच आधी कळेल. दहा महिन्यांच्या बाळाचा गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत असतो. झालाय का विचारा. लसीकरणाचं कार्ड गावाकडच्या पेटीत असेल तरी डोस मिळतो. टोळीत कुणाला दिवस गेले असतील तर सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण कुठल्याही तालुक्यात फुकट आहे, आणि रात्री-अपरात्री १०८ ला फोन करून रस्ता सांगणारा माणूस लागतो. "अमुक पाटलांच्या मळ्याच्या मागे" हा पत्ता टोळीला माहीत नसतो, तुम्हाला असतो. मुकादम सोडून चार बायकांच्या मोबाइलमध्ये तुमचा नंबर घालून द्या.

आणि ऐका, एखादी बाई ओटीपोट दुखतंय म्हणाली तर हलक्यात घेऊ नका, खाजगी दवाखान्याकडेही बोट दाखवू नका. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशवी काढण्याच्या प्रकरणात नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळी म्हणजे खाडा, धुवायला पाणी नाही, अंगावरून जातंय ते जातंय. मग कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. तुमच्या मोटारीचं पाणी दिवसातून एक तास कोप्यांकडे वळवलंत, आणि बांधाला चार बांबू नि ताडपत्रीची न्हाणी करून दिलीत, तर दहा साड्यांपेक्षा जास्त दिल्यासारखं होईल. एक दिवा आणि मोबाइल चार्जिंगला एक बोर्ड. बिबट्याच्या भागात तर दिवा आधी. बछडे दिसले तर पोरांना हात लावू देऊ नका, वनखात्याच्या १९२६ वर कळवा.

आता यजमान. त्यांची भीती खोटी नाही. तोड लांबली की वजन घटतं, तुरा येतो, आणि टोळीवाले एकरामागे वर पैसे मागतात हीही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. एकाच फडात दोघेही नाडलेले, आणि चिडतात एकमेकांवर. म्हणून मुकादमाला वळसा घालू नका. उलट पहिला चहा त्यालाच द्या. पाणी, दिवा, पाळणा याने टोळीचे खाडे कमी होतील, हे त्याला त्याच्या भाषेत कळतं. त्याच्याशी उचलीच्या हिशेबात मात्र पडू नका, आणि भावनेच्या भरात कुणाची उचल फेडायला जाऊ नका. ती बाई मुकादमाच्या खात्यातून निघून तुमच्या खात्यात जाईल, एवढाच फरक. मारहाण, डांबून ठेवणं, पैसे बुडवणं किंवा मुलीवर वाईट नजर असं काही दिसलं तर ते चहावर मिटवायचं नसतं. मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, आणि फुकट वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००.

"बाहेरचे लोक" हे तुमच्या गटाचं वाक्य मी शेवटी ठेवलं होतं, कारण त्यावर मला थोडं हसू आलं. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते. युद्धातून जीव वाचवून आलेल्या बायका आणि मुलं. पंचगंगेच्या काठी त्यांची शाळा, चर्च, बाजार. आजही त्यांची नातवंडं ते गाव बघायला येतात आणि आपण अभिमानाने सांगतो. युरोपातून आलेले आपले झाले, आणि आपल्याच राज्यातल्या, बीडच्या धारूर-वडवणीहून येऊन दर वर्षी आपला ऊस तोडणारे बाहेरचे? गटातल्या बायकांना एवढंच विचारा, की चहात घालतो ती साखर कुठली.

ज्यांच्या गावात ऊस नाही पण वीटभट्टी आहे, किंवा शहरात सोसायटीच्या भिंतीपलीकडे बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्या आहेत, त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं: शाळा, अंगणवाडी, रेशन, लस. बांधकामावर आणखी एक धागा आहे. वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराला इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते, आणि मोठ्या कामावर मुलांसाठी पाळणाघर देणं कायद्याने मालकावर आहे. ऊसतोड मजुरांसाठी २०१९ साली स्थापन झालेलं गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे. नोंदणी आणि ओळखपत्र गावाकडच्या ग्रामसेवकाकडून होतं, तेव्हा ते काम हंगाम संपल्यावर. त्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजनाही आहे. तुमच्या या मुलीला पुढच्या वर्षी तिथे किंवा गावच्या हंगामी वसतिगृहात राहता येईल का, हे तिच्या आईबापांशी मार्चमध्ये बोला, पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आधी. आत्ता नको. आत्ता त्यांच्या डोक्यात फक्त उचल आहे. आणि वसतिगृहाचा विषय काढताना त्यांचं ऐका. अकरा वर्षांच्या मुलीला मागे ठेवायची त्यांची भीती तुमच्या-माझ्या लेकींच्या बाबतीत आपल्यालाही वाटली असती. माझ्या गावात कित्येक मुलींची लग्नं याच भीतीपोटी चौदाव्या-पंधराव्या वर्षी झाली, तेव्हा त्या भीतीला अडाणीपणा म्हणून मोकळं होता येत नाही.

सुरुवात कुठून, विचारलंत. आज संध्याकाळी कोपीवर जा, रिकाम्या हाताने. चूल पेटलेली असेल, आई भाकरी थापत असेल; तिथेच बुडाखाली काहीतरी घेऊन बसा. मुलीचं नाव, तिकडच्या शाळेचं नाव, बाळाचा शेवटचा डोस कधी झाला, रेशनकार्ड सोबत आहे का, आणि टोळीत एकूण मुलं किती. फोटो काढू नका, वही काढू नका; पाच गोष्टी लक्षात राहतात. उद्या शाळेत जाऊन या. सरांनी नकार दिला तर हसून एवढंच म्हणा, "लिहून देता का, म्हणजे मला केंद्रप्रमुखांना दाखवता येईल." माझ्या अनुभवात तो कागद अजून कुणी लिहून दिलेला नाही.

शाळेने काय म्हटलं ते कळवा. आणि मुलीचं नावही, छापणार नाही.